शहागंजजवळचं जुन्या नोटांचं दुकान, आणि तिथे मिळालेली दहा भाषांची हजाराची नोट

छत्रपती संभाजीनगरात जुनी नाणी-नोटा विकणाऱ्यांची कमी नाही. शहागंजच्या टॉवरच्या आसपास चादर अंथरून बसणारे आहेत, सराफ्यात कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया तळहातावर तोलून चांदीच्या भावाने बोलणारे आहेत. मी ज्या दुकानाबद्दल लिहितेय ते या दोन्हींच्या मधल्या एका बोळात आहे. दुकानाला पाटी नाही. सगळं गिऱ्हाईक मालकांना नुसतं ‘चाचा’ म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणते. छोटीशी जागा, एक काचेचं कपाट, दोन स्टुलं आणि भिंतीला टेकवून ठेवलेले जाडजूड अल्बम. हे अल्बम म्हणजे या दुकानाचं खरं भांडवल.

इतर ठिकाणी परदेशी नोटांची काय गत असते ते मी पाहिलेलं आहे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात रबर लावून कोंबलेल्या, कुठलीही उचला, भाव एकच. चाचांनी नोटा देशवार लावलेल्या नाहीत, भाषांवर लावल्यात. एका अल्बमात एकाच भाषेच्या नोटा, दुसऱ्यात दोन-तीन भाषांच्या, आणि सगळ्यात जाड अल्बमात अशा नोटा की ज्यांच्यावर एकच रक्कम चार, दहा, पंधरा भाषांत छापलेली आहे. पहिल्या पानावर आपली रोजची नोट आहे, कारण हिंदी-इंग्रजी सोडून तिच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत. मग सोव्हिएत रूबल. मग हैदराबाद संस्थानाची उस्मानिया नोट. आणि तिच्याच शेजारच्या पानावर ऑस्ट्रिया-हंगेरीची हजार क्रोनची नोट. या दोन नोटा समोरासमोर ठेवण्याची बुद्धी ज्या माणसाला झाली त्याच्याविषयी मला फार आदर वाटतो. हा रिव्ह्यू लिहायचं कारणही तेच.

मी परभणीची. सगळी नोकरी बँकेत, त्यातली बहुतेक रोख खिडकीवर झाली. नोट हातात आली की बोट आपोआप कडेवरून फिरतं, नोट उलटी होते, उजेडाला धरली जाते. चाचांना हे पहिल्याच भेटीत कळलं. म्हणाले, “ताई, आप तो गिननेवाले हो. पहले उलटी करके देखो, बाद में भाव पूछो.” आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. गिऱ्हाइकाच्या हातात नोट पाकिटातून काढून द्यायला बहुतेक विक्रेते तयार नसतात. इथे देतात. फक्त हात पुसायला आधी कोरडं फडकं पुढे करतात, तेवढी शिस्त आहे आणि ती योग्यच आहे.

आता त्या हजार क्रोनच्या नोटेविषयी. आकाराने आपल्या कुठल्याही नोटेपेक्षा मोठी, निळी, उजवीकडे एका स्त्रीचा चेहरा. तारीख २ जानेवारी १९०२. एका बाजूला सगळा मजकूर जर्मनमध्ये, आणि त्याच बाजूला बारीक अक्षरांत तीच रक्कम आणखी आठ भाषांत: चेक, पोलिश, रुथेनियन म्हणजे आजची युक्रेनियन, इटालियन, स्लोव्हेन, क्रोएशियन, सर्बियन, रोमानियन. रुथेनियन आणि सर्बियन ओळी वेगळ्या लिपीत, त्या लगेच उठून दिसतात. नोट उलटी केली की सगळं बदलतं. त्या बाजूला फक्त हंगेरियन. दुसऱ्या कुठल्याही भाषेचं एक अक्षर नाही.

ही एकच नोट सगळ्या साम्राज्याची रचना सांगते. १८६७ मध्ये या राज्याचे दोन भाग झाले. सम्राट एक, सैन्य एक, परराष्ट्र खातं एक, पण ऑस्ट्रियाचं व्हिएन्नातलं सरकार वेगळं आणि हंगेरीचं बुडापेस्टमधलं वेगळं. व्हिएन्नाच्या अर्ध्या भागाने त्याच वर्षी मूलभूत कायद्याच्या १९व्या कलमात लिहून दिलं की राज्यातल्या सर्व जमातींना समान हक्क आहेत आणि शाळेत, कचेरीत, सार्वजनिक जीवनात प्रत्येकाच्या भाषेला समान स्थान आहे. हंगेरीच्या अर्ध्या भागात राज्यकारभार हंगेरियनमध्येच चालायचा. १९०७ च्या शाळा कायद्याने तर इतर भाषांच्या शाळांतल्या मुलांनाही चौथी संपेपर्यंत हंगेरियन लिहिता-बोलता आलं पाहिजे अशी अट घातली. म्हणून नोटेच्या एका बाजूला नऊ भाषा आणि दुसरीकडे एक.

भिंग घेऊन मी स्लोव्हाक शोधत बसले. नाही. स्लोव्हाक लोक हंगेरीच्या वाट्याला आलेले, त्यामुळे त्यांना दोन्ही बाजूंना जागा नाही. रोमानियन मात्र आहे, कारण बुकोव्हिना हा प्रांत व्हिएन्नाकडे होता. यिडिशही नाही. व्हिएन्नाकडच्याच गॅलिशिया प्रांतातल्या लाखो ज्यू घरांची ती बोली, पण जनगणनेत रोजच्या वापराची भाषा म्हणून ती लिहून घेतच नव्हते. त्या माणसाला पोलिश नाहीतर जर्मन असं काहीतरी सांगावं लागे. नोटेवर कोण आहे हे वाचणं सोपं असतं. कोण नाही ते बघायला वेळ द्यावा लागतो, आणि या दुकानात तो वेळ मिळतो, कुणी घाई करत नाही. आपल्या नोटेचंही तसंच करून पाहा. आठव्या अनुसूचीत भाषा २२, हिंदी धरून नोटेवर १६. सिंधी, मैथिली, बोडो, डोगरी, संथाली आणि मणिपुरी सापडायच्या नाहीत.

माझ्या मनात मात्र नोटेपेक्षा खिडकीचा विचार जास्त येतो. पैसे छापणारं सरकार कागदावर कितीही भाषा छापू शकतं, त्याला खर्च शाईचा. खिडकीशी आलेल्या माणसाशी कोणत्या भाषेत बोलायचं हा प्रश्न वेगळा. आणि त्याहून वेगळा प्रश्न म्हणजे खिडकीच्या आत, टेबलावरून टेबलावर जाणारी फाईल कोणत्या भाषेत लिहायची. ऑस्ट्रियात सगळं भांडण याच दोन बाजूंवरून झालं.

बोहेमियाचं उदाहरण घ्या, म्हणजे प्राग ज्याची राजधानी तो प्रांत. १९१० च्या गणतीत तिथे शंभरातली ६३ माणसं चेक बोलणारी आणि ३७ जर्मन. १८८० मध्ये निघालेल्या आदेशाने चेक माणसाला चेकमध्ये अर्ज करून चेकमध्ये उत्तर मिळण्याची सोय झाली. पण आतला कारभार जर्मनच. म्हणजे अर्ज चेकमध्ये घ्यायचा, आत जर्मनमध्ये टिपण लिहायचं, जर्मनमध्ये निर्णय करायचा आणि मग उत्तर पुन्हा चेकमध्ये काढायचं. १८९७ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान काउंट काझिमिर बाडेनी याने आदेश काढला की बोहेमियात आणि शेजारच्या मोराव्हिया प्रांतात आतला कारभारही दोन्ही भाषांत चालेल, ज्या भाषेत अर्ज आला त्याच भाषेत आतलं टिपणही होईल. आणि १ जुलै १९०१ नंतर नेमणूक होणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला दोन्ही भाषा आल्याच पाहिजेत.

वाचायला किती न्याय्य वाटतं. पण शिकलेल्या चेक माणसाला जर्मन येतच होती, ती आल्याशिवाय तो शिकूच शकत नव्हता. जर्मन माणसाला मात्र चेक शिकायची वेळ कधी आली नव्हती. त्यामुळे एगर आणि राइखेनबर्गसारख्या जर्मन गावांना दिसलं ते एवढंच की आता आपल्या गावातली पोस्टाची, कोर्टाची, कराची खुर्ची चेक उमेदवाराला जाणार. भाषेवरून सुरू झालेलं भांडण नोकरीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. शिवाय बाडेनीने हे संसदेत कायदा करून आणलं नव्हतं. हंगेरीशी दर दहा वर्षांनी होणारा आर्थिक करार मंजूर करून घ्यायला त्याला चेक खासदारांची मतं हवी होती, आणि त्या बदल्यात त्याने हा आदेश दिला, असं सगळ्यांना दिसत होतं.

मग जे झालं ते वाचताना अंगावर काटा येतो. सप्टेंबरमध्ये जर्मन राष्ट्रवादी खासदार कार्ल हेर्मान वोल्फ आणि खुद्द पंतप्रधान यांच्यात पिस्तुलांचं द्वंद्व झालं, बाडेनीच्या हाताला गोळी लागली. २८ ऑक्टोबरच्या रात्री ओटो लेखर नावाचा खासदार बोलायला उभा राहिला तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बारा तास बोलत राहिला, फक्त कामकाज अडवायला. सभागृहात बाकांची झाकणं आपटली गेली, शाईच्या दौती फेकल्या गेल्या. नोव्हेंबरच्या अखेरीस पोलीस संसदेत शिरले आणि खासदारांना उचलून बाहेर नेलं. व्हिएन्ना आणि ग्रात्समध्ये लोक रस्त्यावर उतरले, २८ नोव्हेंबरला सम्राटाने बाडेनीला काढलं. त्यावर प्रागमध्ये चेक लोक खवळले, जर्मन दुकानं फुटली, लष्करी कायदा लागला. १८९९ मध्ये आदेश मागे घेतले गेले, आणि मग अडवणूक करायची पाळी चेक खासदारांची आली.

या संसदेची आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. खासदाराला आपल्या भाषेत बोलायची मुभा होती. पण सभागृहात दुभाषा नव्हता, आणि अधिकृत नोंदीत जर्मनमधलं भाषणच लिहून घेतलं जायचं. बोला हवं तेवढं, पण कागदावर उतरणार नाही. ज्या राज्याने नोटेवर आठ भाषांना ओळ दिली त्याला संसदेत आठ दुभाषे बसवणं जड नव्हतं. नोट छापणाऱ्याला जमलं ते राज्य चालवणाऱ्यांनी केलं नाही, यावर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

याआधी दोन वर्षं, १८९५ मध्ये, तर एका हायस्कुलावरून मंत्रिमंडळ पडलं होतं. श्टायरियातलं त्सिली, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातलं त्सेलये हे गाव. तिथल्या जर्मन शाळेत स्लोव्हेन मुलांसाठी स्लोव्हेनमधून समांतर वर्ग काढायचे, एवढाच प्रस्ताव. त्यावरून जर्मन उदारमतवादी पक्ष बाहेर पडला आणि पंतप्रधान विंडिशग्रेट्सचं सरकार गेलं. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावातल्या शाळेच्या तुकडीवरून राज्याचं मंत्रिमंडळ पडलं असं समजा.

चूक सगळ्या बाजूने होती असं म्हणून मी मोकळी होणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: बाडेनीचा आदेश मुळात बरोबर होता, आणण्याची रीत चुकीची होती. ज्याच्याकडे लोक कामाला येतात त्याने लोकांची भाषा शिकायचीच असते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी काही वर्षं देगलूरला गेली. देगलूरच्या बाजाराला मराठी, तेलुगू आणि कानडी तिन्ही बोलणारी माणसं येतात. आमचे फॉर्म हिंदी, इंग्रजी आणि मराठीत. सीमेपलीकडच्या गावातून लग्न होऊन आलेली बाई खिडकीशी उभी राहिली की तिच्या हातातली स्लिप दुसऱ्याने भरून दिलेली असायची आणि तिला किती रक्कम मिळणार हे तिला ठाऊक नसायचं. मी आकडे शिकून घेतले, तेलुगूत वेय्यी, कानडीत साविर, आणि ‘मोजून घ्या’, ‘सही इथे’ अशी चार-दोन वाक्यं. तेवढ्यावर ती बाई स्वतःचे पैसे स्वतः मोजून घेऊन जायची. मला कुणी आदेश दिला नव्हता, पण दिला असता तर त्यात अन्याय काय होता? शिकायला मदत द्यावी, वेळ द्यावा, आणि आधी बसलेल्या माणसाची नोकरी जाणार नाही एवढी खात्री द्यावी. व्हिएन्नाने वेळ दिला होता, खात्री कुणालाच वाटली नाही.

सैन्यात मात्र त्यांनी तोडगा काढला होता, तोही सांगायला हवा. हुकुमाची भाषा जर्मन, तीही साधारण ऐंशी शब्दांची. बाकी शिपायांशी बोलायची ती रेजिमेंटची भाषा, आणि ज्या भाषेचे पाचवा हिस्सा शिपाई असतील ती रेजिमेंटची भाषा ठरायची. मग अधिकाऱ्यानेच ती शिकायची. एका रेजिमेंटला दोन-दोन, तीन-तीन भाषा असायच्या.

अल्बमच्या डाव्या पानावरची उस्मानिया नोट आता बघा. पहिल्या महायुद्धात चांदी मिळेना म्हणून १९१८ मध्ये हैदराबाद संस्थानाने कागदी चलनाचा कायदा केला आणि नोटा काढल्या. त्यांवर उर्दूच्या जोडीला मराठी, तेलुगू आणि कानडी आहे. संस्थानात साधारण निम्मे लोक तेलुगू बोलणारे, पाव मराठी, कानडी आणि उर्दू प्रत्येकी दहाव्या हिश्श्याच्या आसपास. नोट पाहिली तर सगळ्यांना जागा मिळाली असं वाटतं. पण कचेरी, कोर्ट आणि वरचं शिक्षण उर्दूत. ज्या १९१८ सालात नोटेवर मराठी आली त्याच सालात उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून उभं राहिलं. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचं धाडस म्हणून त्याचं मोल मोठं आहे, आणि तरीही आमच्या जिंतूरच्या शेतकऱ्याच्या पोराला ती दुसऱ्याचीच भाषा होती. ऑस्ट्रियात निदान १९वं कलम होतं, भाषेच्या हक्कासाठी व्हिएन्नाच्या न्यायालयात जाता येत होतं. आमच्या आजोबांना कुठे जाता येत होतं?

आजोबांना मोडी यायची, बाळबोध वाचता यायचं. निजामाच्या रुपयावरची मराठी ते वाचू शकत होते, स्वतःच्या जमिनीचा कागद वाचू शकत नव्हते. जिंतूरच्या तहसिलीसमोर अर्जनवीस बसायचे, त्यांना पैसे देऊन अर्ज उर्दूत लिहून घ्यायचा, उत्तर आलं की पुन्हा पैसे देऊन वाचून घ्यायचं. दादा, म्हणजे माझे वडील, उर्दू शाळेत शिकले आणि घरातला पहिला उर्दू वाचणारा माणूस झाले. ते गेले तेव्हा घरातली उर्दूही गेली. आजोबांच्या पेटीतला एक कागद मागे राहिला, शिक्का असलेला, घाईच्या हातचा, कुणालाच न उलगडणारा.

तो कागद मी चाचांकडे नेला, आणि या दुकानाच्या सेवेबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हे. घसटून लिहिलेली जुनी सरकारी उर्दू ते वाचून दाखवतात. आता शिकलेल्या उर्दू शिक्षकांनाही ती सहज उलगडत नाही. चाचांनी चष्मा बदलला, कागद काचेवर सपाट ठेवला, बोट न लावता पेन्सिलीच्या टोकाने ओळ धरली आणि वाचत गेले. विहिरीसाठी घेतलेल्या तगाईच्या, म्हणजे सरकारी कर्जाच्या, हप्त्याची पावती. खाली आजोबांची मराठीतली सही, तिच्यावर तहसिलीचा उर्दू शिक्का. मी पैसे विचारले तर म्हणाले, “नक्को ताई. पढने के पैसे नहीं लेता मैं. वो अर्जनवीस लेते थे.” त्यांचे स्वतःचे आजोबा सिटी चौकात अर्जनवीस होते, हे त्यांनी नंतर सांगितलं. एका बाजूला पैसे देऊन वाचून घेणारं माझं घर, दुसऱ्या बाजूला पैसे घेऊन वाचून देणारं त्यांचं. आम्ही दोघं बराच वेळ त्यावर बोललो, चहा झाला, दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं तरी त्यांनी बोलणं अर्धवट सोडलं नाही. आज मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदी शोधायला लोक कचेऱ्यांतून हिंडताहेत आणि उर्दू-मोडी वाचणारा मिळत नाही म्हणून अडून बसलेत. त्यांनी हे दुकान लक्षात ठेवावं. कायदेशीर भाषांतर इथे होत नाही, चाचा तसं स्पष्ट सांगतात, पण कागद कशाचा आहे ते कळतं.

मी घेतलेल्या हजार क्रोनच्या नोटेवर एक लाल छाप आहे: डॉइच्योस्टरराइख, म्हणजे जर्मन-ऑस्ट्रिया. छापाशिवायची नोटही अल्बमात होती. मी मुद्दाम छापाची घेतली. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात साम्राज्य फुटलं. २८ ऑक्टोबरला चेकोस्लोव्हाकिया जाहीर झाला, १२ नोव्हेंबरला व्हिएन्नात प्रजासत्ताक. पण खिशातली नोट सगळ्यांची एकच होती. मग प्रत्येक नव्या देशाने आपल्या हद्दीतल्या नोटांवर आपली खूण केली. युगोस्लाव्हियाने शिक्के मारले, मग तिकिटं चिकटवली. चेकोस्लोव्हाकियाच्या अर्थमंत्र्याने, आलोइस राशीनने, १९१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सीमा बंद केल्या, लोकांच्या नोटांवर तिकिटं लावली आणि रकमेचा मोठा हिस्सा सक्तीचं कर्ज म्हणून ठेवून घेतला. ऑस्ट्रियाने हा लाल छाप मारला. दहा भाषांच्या नोटेवर आडवी-उभी एकच भाषा.

आणि तो छापही टिकला नाही. १९१९ च्या सप्टेंबरात सँ-जेर्मँच्या तहाने जर्मन-ऑस्ट्रिया हे नावच वापरायला मनाई केली, देश नुसता ऑस्ट्रिया झाला. तोवर महागाई सुरू झाली होती. १९२५ मध्ये शिलिंग हे नवं चलन आलं तेव्हा दहा हजार क्रोनना एक शिलिंग मिळाला. शंभर ग्रोशेनचा एक शिलिंग, म्हणजे माझ्या हातातल्या नोटेचे दहा ग्रोशेन. युद्धाआधी हजार क्रोन म्हणजे साध्या नोकराचा कित्येक महिन्यांचा पगार होता. आमच्या हाली रुपयाचं, म्हणजे निजामाच्या रुपयाचं, मरण तुलनेने सौम्य. सात हालीला सहा कलदार या दराने तो बदलत गेला, पोलीस ॲक्शननंतरही काही वर्षं बाजारात चालला. लोकांचे पैसे बुडाले नाहीत, आणि राज्याची हद्द पुढे १९५६ मध्ये भाषेवर ठरली तेव्हाही कुणाच्या नोटेवर तिकीट चिकटलं नाही. याचं श्रेय ज्यांना जातं त्यांना आपण फार कमी देतो.

आता दुकानातल्या खटकलेल्या गोष्टी, कारण त्या सांगितल्याशिवाय नवख्या माणसाने तिथे जाऊ नये. चाचा प्रत्येक नोटेसोबत हाताने लिहिलेलं मराठी कार्ड देतात. कल्पना सुंदर, अक्षर मोत्यासारखं, पण माझ्या नोटेच्या कार्डावर फक्त ‘१९०२’ होतं. छाप १९१९ चा आहे हे त्यावर असायला हवं होतं, कारण छापावर भाव ठरतो आणि अशा छापांच्या नकलाही बाजारात असतात. मी सांगितल्यावर त्यांनी तिथेच कार्ड दुरुस्त केलं. दुसरं, काही नोटांच्या कोपऱ्यात भाव पेन्सिलीने लिहिलेला आहे. हे मला अजिबात पसंत नाही. नोटेवर लिहू नका हे सांगण्यात माझा जन्म गेला, आणि जुन्या नोटेवर तर नाहीच नाही. तिसरं, अल्बमची पाकिटं मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकची आहेत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती चिकटतात आणि शाईला त्रास देतात. नोट घेतली की कडक, बिनवासाच्या पाकिटात बदलून घ्या. चाचांकडे ती असतात, मागितली तर जादा पैसे न घेता देतात. उजेड फक्त ट्यूबलाइटचा आहे, तेव्हा नोट दारापर्यंत नेऊन दिवसाच्या प्रकाशात बघू द्या म्हणावं. ते नाही म्हणत नाहीत. बिल मागावं लागतं.

भाव वाजवी आहेत. माझी नोट मला ७०० रुपयांना मिळाली. मधोमध एक घडी आणि वरच्या कडेला टाचणीचं एक बारीक भोक आहे, आणि ही दोन्ही व्यंगं त्यांनी मी विचारायच्या आधी दाखवली होती. उस्मानिया नोटा मात्र हजारांच्या घरात जातात, त्या मी फक्त पाहिल्या. घासाघीस चालत नाही. एकदम दोन-तीन नोटा घेतल्या तर स्वतःहून थोडे कमी करतात.

परभणी, नांदेड, जालन्याकडून येणाऱ्यांना मराठवाडा एक्सप्रेस सोयीची. सकाळी निघून दुपारपर्यंत काम होतं. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकान बंद असतं, तेव्हा त्यानंतर जा. जुने कागद नेणार असाल तर लॅमिनेशन करून नेऊ नका, साध्या फाईलमध्ये सपाट ठेवून न्या. भाषांचा जाड अल्बम चाचा आपण होऊन काढत नाहीत, तो नाव घेऊन मागावा लागतो. चेकोस्लोव्हाकियाचं तिकीट चिकटवलेली हजाराची नोट आली की मला कळवा असं मी सांगून ठेवलं आहे. कुणाच्या घरी, कुणाच्या आजोबांच्या संग्रहात अशी नोट पडून असेल आणि विकायची असेल, तर आधी चाचांना दाखवा. भाव योग्य मिळेल आणि नोट जाणत्या माणसाच्या हातात जाईल.